वायरलेसच्या माळावरचे हवामान

आमच्या इंदिरानगरात युरोपला अकरा दिवस जाऊन आलेली तीन कुटुंबे आहेत. त्यांचे प्रवासवर्णन ऐकायला दिवाणखाना, मोठा टीव्ही आणि पोटात जागा लागते. हरसूल नाशिकहून बसने दोन तासांवर. तिथून परतलेल्या माणसाला कुणी "काय काय पाहिलंत?" असे विचारत नाही. भाजी स्वस्त होती का, एवढे विचारतात. तरी मी लिहिते आहे, कारण तिथे एका माळावर मी जे पाहिले ते कुठल्याही सहल कंपनीच्या यादीत नाही, आणि ज्यांनी ते पाहिले त्यांच्यातले निम्मे लोक भाषण ऐकायला आले होते.

निमित्त आमच्या खालच्या मजल्यावरच्या गायकवाड काकांचे. वय सत्त्याहत्तर. उमेदीची नऊ वर्षे त्यांनी हरसूलच्या पुढच्या एका पठारावर विमानांच्या वायरलेस केंद्रात काढली. विमानतळ नाही, धावपट्टी नाही. दोन खोल्या, एक खांब आणि तीन माणसे. डोंगर ओलांडणाऱ्या विमानांना ढग किती खाली आहेत, वारा कुठून आहे हे सांगायचे आणि ते पुढच्या केंद्राला कळवायचे, एवढेच काम. पुढचे केंद्र सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर होते. तिथे नटवरभाई नावाचे ऑपरेटर होते. हे दोघे नऊ वर्षे रोज दर तासाला मोर्सच्या टिंब-रेघांत एकमेकांशी बोलले. भेटले एकदाही नाहीत. एकमेकांचा आवाजही ऐकला नाही.

दोन वर्षांपूर्वी काकांना अर्धांगाचा झटका आला. बोलणे परतले, चालणे परतले, उजवा हात मात्र थोडा परका राहिला. मग आमच्याच इमारतीतल्या, सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर असलेल्या स्नेहाने नटवरभाईंना शोधून काढले. ही हौशी रेडिओवाली मुलगी. सुटीच्या दिवशी गच्चीवर तारा ताणून ब्राझीलशी बोलते आणि शेजाऱ्यांशी बोलायला तिला वेळ नसतो. नटवरभाई हयात होते, निवृत्तीनंतर त्यांनीही हौशी परवाना काढला होता. तिने फोन नंबर आणून दिला. काकांनी तो घडी करून परत केला.

"फोनवर कुणीही सांगेल मी गायकवाड म्हणून," ते म्हणाले. "त्याला माझा आवाज कुठे माहीत आहे? त्याला माझा हात माहीत आहे."

मोर्स पाठवणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो, अक्षरासारखा. जाणकार दोन शब्दांत ओळखतात. नटवरभाईंचा निरोप त्याहून करारी निघाला: तयारी झाली की कळवा, त्या रविवारी सकाळी साडेसातला, आपल्या जुन्या वेळेला, ऐकत बसेन. हात ओळखला तर बोलेन. नावे खूप लोक सांगतात.

तेव्हापासून आठ महिने काका रोज सराव करत होते. त्यासाठी त्यांनी हौशी परवान्याची परीक्षासुद्धा दिली. आयुष्यभर सरकारी रेडिओ चालवलेला माणूस बारावीच्या मुलांबरोबर बाकावर बसला आणि पास झाला. त्याचे काही विशेष नाही, असे ते म्हणतात. निकालपत्र मात्र चौकटीत लावले आहे. स्नेहाच्या फोनमध्ये हात तपासणारे एक ॲप आहे, ते गुण देते. पाठवायचे तर जुन्या पठारावरूनच, हे काकांनी ठरवून टाकले होते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांना पैकीच्या पैकी मिळाले.

माझी नेमणूक नोंदवहीसाठी झाली. मोर्सचा खटका दाबायचा आणि लिहायचे, दोन्ही आता त्यांना एकदम जमत नाही. मी तीस वर्षे कॉलेजच्या ग्रंथालयात होते, म्हणजे गप्प बसून नोंदी करण्याचा अनुभव दांडगा.

सातपूर ते हरसूल

स्नेहाची गाडी सातपूरला पहिली पाळी सुटताना अडकली. शेकडो मोटरसायकलींच्या मध्ये आमच्या टपावर दोन लांब बांबू बघून एका कामगाराने काच ठोठावली. "मॅडम, मंडप कुठं आहे?" "हरसूलला," स्नेहा म्हणाली. तो गंभीरपणे म्हणाला, "मग जेवण चांगलं असंल."

त्र्यंबक मागे पडले की रस्ता गंभीरपणा सोडून देतो. वळणामागून वळणे, कापलेल्या भाताची खाचरे, उतारांवर खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, पिवळी फुले. काका पुढच्या सीटवर मांडीवर लाकडी पेटी घेऊन बसले होते. तिच्यात पितळी खटका होता. गाडी खड्ड्यात आदळली की आधी पेटी सावरत, मग स्वतःला.

हरसूलला आठवड्याचा बाजार भरलेला होता. तारेचे ताण बांधायला दोर हवा होता. दोरवाल्या आजोबांनी विचारले, "कशाला पायजे? विहिरीला का बैलाला?"

"किनाऱ्यावरच्या माणसाशी बोलायला," काका म्हणाले.

आजोबांनी दोराचे भेंडोळे हातावर तोलले. "मग हा पुरायचा नाय."

त्यांनी काकांकडे नीट पाहिले आणि एकदम उठले. "वायरलेसचे बाबू ना तुम्ही? सायकलवर याचे, रॉकेल न्यायला." नाशिकमध्ये मी ज्या बँकेत एकोणीस वर्षे जाते तिथला शिपाई मला अजून "आपण कोण?" विचारतो. इथे माणूस चाळीस वर्षांनी, निम्मा वाळून, काठी घेऊन आला तरी ओळखला गेला. काका खूश होतील असे वाटले. ते गाडीत बसल्यावर म्हणाले, "यानं चेहरा ओळखला. चेहऱ्याचं काय."

मुक्काम पठाराखालच्या पाड्यावर जमनाबाईंकडे. त्या सत्तरीच्या. नवी नवरी असल्यापासून केंद्राला पाणी भरायच्या. काकांना पाहून त्यांनी पहिले वाक्य टाकले, "बाबू, लय वाळलास. तिकडं खायला देत नाय का?"

आमच्याकडे पाहुण्याला "चहा घेणार का?" असे विचारतात, आणि त्या सुरातच उत्तर असते. जमनाबाईंनी काही विचारले नाही. नागलीची भाकरी, उडदाची घट्ट आमटी आणि खुरासणीची चटणी समोर आली. मी "बास" म्हटले तेव्हा त्यांनी मला बास म्हणजे काय हेच माहीत नसल्यासारखी आणखी एक भाकरी वाढली.

वायरलेसचा माळ

पठाराला सगळे वायरलेसचा माळ म्हणतात. सरकारी कागदांत त्याला फक्त गट क्रमांक आहे. वर आता एक जोते, एका भिंतीचा कोपरा आणि कडेला पुरुषभर उंच लोखंडी खांब उरला आहे. खांबाला म्हशी अंग घासतात.

मी निघण्यापूर्वी अशा केंद्रांबद्दल वाचले होते. विमानांचा इतिहास लिहिणारे वैमानिकांवर पाने खर्च करतात आणि जमिनीवर बसून त्यांना वाट दाखवणाऱ्यांना तळटीप देतात, तीही चुकीच्या पानावर. एके काळी पाण्यावर उतरणारी विमाने राजस्थानातल्या तलावांवर थांबत; काठावर कुणीतरी वायरलेस घेऊन बसलेला असे. वाळवंटात, बेटांवर, बर्फात अशी माणसे बसलेली होती. वर विमानातले लोक जेवत असत, आणि खाली कुणीतरी पेट्रोलच्या इंजिनाने बॅटऱ्या भरत असे. मग वैमानिकाला त्याची जागा आकाशातले उपग्रह सांगू लागले आणि जमिनीवरच्या माणसांना निवृत्तीचे नारळ मिळाले.

"कंटाळा यायचा का?" मी विचारले.

"कंटाळ्याचाच पगार होता," काका म्हणाले. "पण पावसाळ्यात घाटावर ढग बसले आणि वरून एखादा लहान विमानवाला विचारायला लागला, की मग कंटाळा कुठे जायचा कळायचं नाही. आम्ही चूक सांगितली असती तर तो डोंगरात गेला असता. एकदाही चूक सांगितली नाही." हे त्यांनी बढाईच्या सुरात नाही, किराणा बरोबर आणल्याच्या सुरात सांगितले.

शनिवारी तार ताणायला अर्धा दिवस गेला. एक टोक सागाला, एक बांबूला. एका बकरीने ताणाचा दोर चघळून सोडला आणि बांबू हळूच, अध्यक्षांच्या पहिल्या झोपेसारखा, एका बाजूला कलला. पुन्हा उभा केला. गाडीच्या बॅटरीवर स्नेहाने यंत्र चालू केले आणि त्यातून शिट्ट्यांसारखे बारीक आवाज येऊ लागले. काकांनी डोळे मिटून ऐकले. "हा केरळवाला आहे. हा घाईत आहे. हा नवा आहे, घाबरतोय." मला सगळे रातकिडे वाटत होते.

दुपारी टेंपो आला. त्यातून मंडप, शंभर खुर्च्या, एक जनरेटर आणि दिव्यांच्या पाट्या उतरल्या. आमच्या बेताची बातमी तालुक्याच्या एका पुढाऱ्यांपर्यंत पोहोचली होती आणि त्यांनी आमच्या रविवारी वारसास्थळाच्या फलकाचे अनावरण ठरवले होते. त्यांचे नाव लिहीत नाही. फलकावर ते पुरेसे मोठे आहे. फ्लेक्सवर चार इंजिनांचे अवाढव्य विमान होते. ते या माळावर उतरायचे ठरले असते तर त्याचे शेपूट गुजरातेत राहिले असते.

मंडपवाले तुळशीराम पाड्यावरचेच. म्हणाले, "काळजी नको. तुम्ही तुमचं करा, आमी आमचं करतो. साहेब पावणेआठला येतील."

रविवार

सकाळी सातला पाड्याखालच्या दऱ्या धुक्याने भरलेल्या होत्या आणि पाड्यासकट माळ बेटासारखा वर राहिला होता. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पोराच्या लग्नाला बसावे तसे ते जोत्यावर समोर टेबल मांडून बसले. मी वही उघडली. मागे मंडपात भाषणाला आलेली माणसे जमत होती. स्नेहाने यंत्र लावले.

यंत्रातून नुसती घरघर आली. काल स्वच्छ शिट्ट्या येत होत्या तिथे आता एकसारखा, जाड, दळल्यासारखा आवाज. स्नेहाने बटणे फिरवली, कान लावला आणि मंडपाकडे बघितले. "ते दिवे. जनरेटर आणि त्या पाट्या. त्यांचाच गोंगाट येतोय. यात नटवरभाई काय, मुंबई पण ऐकू येणार नाही."

सात वाजून वीस मिनिटे झाली होती. ती धावत गेली. तुळशीराम हात जोडून म्हणाले, "ताई, साहेब येईस्तोवर दिवे बंद करता येत नाय. साहेबांच्या माणसानं फोटो मागितलाय, उजेडासकट."

"दहा मिनिटं."

"दहा मिनिटांत माझं पुढच्या वर्षाचं काम जाईल."

काकांनी खटक्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. साडेसातला नटवरभाई ऐकणार, काही न आल्यास यंत्र बंद करणार, आणि ऐंशी ओलांडलेल्या त्या करारी म्हाताऱ्याला पुन्हा वेळ मागायची काकांची तयारी नव्हती. ते मला दिसत होते.

मग जमनाबाई उठल्या. त्या मंडपात गेल्या, फलकावर झाकलेले लाल मखमली कापड दोन्ही हातांनी धरले आणि ओढून काढले. साहेबांचे अनावरण तिथेच, साहेबांशिवाय, झाले. ते कापड घेऊन त्या म्हशींच्या खांबाकडे आल्या आणि त्यांनी ते खांबाला बांधले.

मला वाटले, आता भांडण. पण तुळशीराम वळले आणि त्यांनी जनरेटर बंद केला. दिवे विझले. ते स्वतःच चकित दिसत होते.

जमनाबाईंनी मला कानात सांगितले, "त्याच्या बापाची गिरणी व्हती. रॉकेलच्या इंजिनाची. तिच्या ठिणग्यांनी बाबूला ऐकू नाय यायचं. मग बाबू लाल फडकं लावायचा. फडकं दिसलं का गिरणी बंद. दळण अर्धं राहिलं तरी बंद. वर इमान हाय म्हणायचे."

खाली पाड्यावर कुठेतरी चालू असलेला बोअरचा पंप थांबला. मग कुणाच्या तरी घरातला टीव्ही. वरचे लाल फडके दिसलेली म्हातारी माणसे घरात जाऊन काय काय बंद करत होती देव जाणे. यंत्रातली घरघर एकेक पदर सोलल्यासारखी उतरत गेली आणि शेवटी नुसता श्वासाएवढा आवाज उरला.

साडेसात. काकांनी खटका दाबायला सुरुवात केली. टिंब, रेघ, टिंब. घड्याळाच्या काट्यासारखी समान. आम्ही थांबलो. मग दुरून, पातळ पण स्वच्छ, उत्तर आले. काका एकेक अक्षर सांगत होते, मी लिहीत होते. त्यांची भाषा इंग्रजी तुकड्यांची. इथे मराठीत देते.

"ऐकतो आहे. कोण?"

काकांनी नाव पाठवले, केंद्राचे नाव पाठवले.

"हात ओळखीचा नाही."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा पाठवले, आणखी काळजीपूर्वक, आणखी सुबक. स्नेहाच्या ॲपने पुन्हा पैकीच्या पैकी दिले असते. उत्तर आले, "सुंदर हात. यंत्रासारखा. माझा गायकवाड असा पाठवत नसे. क्षमा करा."

याच वेळी माळावर चार गाड्या आल्या. साहेब उतरले. ना दिवे, ना ढोल, फलक उघडा, खांबाला मखमल आणि शंभर माणसे एका म्हाताऱ्याकडे बघत उभी. साहेबांच्या सचिवाने मोठ्याने विचारले, "कार्यक्रम कुणी थांबवला?"

"गप ऱ्हा," जमनाबाई म्हणाल्या. "फडकं लागलंय."

साहेबांनी खांबाकडे पाहिले, आणि आश्चर्य म्हणजे, त्यांनीही खिशातून फोन काढून बंद केला. ते याच बाजूच्या एका पाड्यावरचे. लहानपणी दळणाच्या रांगेत उभे राहिले असणार.

यंत्रातून नटवरभाईंचे शेवटचे शब्द येऊ लागले: "शुभेच्छा. बंद करतो."

आणि काकांना राग आला. खरा राग. झटका आल्यापासून त्यांना मी चिडलेले पाहिले नव्हते. आजारपण माणसाला फार समजूतदार करते आणि ते बघवत नाही. त्यांनी खुर्ची मागे ढकलली आणि खटक्यावर असा हात चालवला, की टेबल हलले. काय पाठवताहेत ते त्यांनी मला सांगितलेच नाही. पण आवाज मलासुद्धा वेगळा कळला. प्रत्येक शब्दाची शेवटची रेघ लांबत होती, विहिरीतून बादली ओढताना शेवटचा हिसका लांबतो तशी.

मग किनाऱ्यावरून इतक्या वेगाने टिंब-रेघा सुटल्या, की काका हसायला लागले आणि मला सांगायचे विसरले. मी त्यांचा दंड हलवला.

"काय म्हणतात?"

"म्हणतो, शेपूट आलं. आता तू आहेस." त्यांनी डोळे पुसले. "ताई, माझी शेवटची रेघ कायम लांबायची. मुंबईहून दोनदा लेखी ताकीद आली होती. आठ महिने मी तेच घासून काढत बसलो होतो. ते मशीन गुण कापायचं ना त्याचे."

"आता काय पाठवलंत?"

"ते वहीत लिहायचं नाही."

टाळ्या वाजल्या नाहीत. लाल कापड लागलेले होते. पण शंभर माणसे एकदम श्वास सोडतात त्याचाही आवाज होतो, हे मला त्या दिवशी कळले. दोराचे ते आजोबा हरसूलहून आले होते, ते शेजाऱ्याला हळूच सांगत होते, "पुरला दोर."

किनाऱ्यावरून पुन्हा शिट्टी आली. मला वाटले होते नटवरभाई तब्येत विचारतील, नातवंडे विचारतील. त्यांनी विचारले, "हवामान?"

काका ताठ झाले. त्यांनी डोंगरांकडे बघितले, डोळ्यांवर हात धरला आणि मग वळून जमनाबाईंना म्हणाले, "मला आता लांबचं दिसत नाही. सांगा."

ढगांची उंची मोजायला या केंद्राला कधी साधन मिळालेच नव्हते. कुठल्या डोंगराचे कुठवर अंग झाकले आहे त्यावरून ते सांगत, आणि ते बघण्यात पाड्यावरची माणसे ऑपरेटरांपेक्षा तरबेज होती. जमनाबाई पुढे झाल्या. "हरिहर उघडा हाय. डोकं पण दिसतंय."

"म्हातारीच्या डोंगराला कमरेपर्यंत धुकं," तुळशीराम म्हणाले.

"कमरेपर्यंत नाय, गुडघ्यापर्यंत," मागून कुणीतरी कुजबुजले. त्यावर तिथे छोटीशी, सगळी कुजबुजीत चाललेली वादावादी झाली, आणि ती साहेबांनी सोडवली. चपला काढून ते जोत्याच्या कोपऱ्यावर चढले, नीट बघितले आणि म्हणाले, "गुडघा. वारा पूर्वेचा, हलका." मी त्यांची आजवर अनेक भाषणे ऐकली आहेत. इतके थोडक्यात आणि इतके खरे ते पहिल्यांदाच बोलले असावेत.

काकांनी पाठवले, शेपटासकट. मी नोंद केली. पलीकडून एकच अक्षर आले, 'आर', म्हणजे मिळाले. त्यामागून प्रश्न: "पुढचे कधी?"

"साडेआठला," काका मोठ्याने म्हणाले, आणि तेच पाठवले. मग उजवा हात उचलून तो पहिल्यांदाच बघत असल्यासारखे त्यांनी बोटे उघडली, मिटली.

सचिव साहेबांच्या कानाशी वाकले. "साहेब, नऊला पेठचा कार्यक्रम आहे. निघायला हवं."

साहेब जोत्यावरून उतरले नव्हते. "थांबा जरा," ते म्हणाले. "साडेआठचं देऊ आणि मग निघू."